मागच्या दाराचा खड्डा

कारखान्यात त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. नाव कुणी पाडलं ते आता कुणाला सांगता येणार नाही, पण पाडणाऱ्याने चपखल पाडलं. पंप बनवण्याच्या कारखान्यात तो तपासणीला होता. यंत्रावरून उतरलेला सुटा भाग हातात घ्यायचा, माप लावायचं आणि केसभर फरक दिसला की बाजूला ठेवायचा, एवढंच त्याचं काम. बाजूला ठेवताना तो एक अक्षर बोलायचा नाही. कामगार म्हणत, या माणसाने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच्या बायकोला कुणी टोपणनाव ठेवलं नाही. गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून इथेही त्या वहिनीच. वहिनींना आपण अहोजाहो करणार आहोत आणि ओळंब्याला अरेतुरे. वयाने तो मोठा आहे, हे मान्य. तरीही.

माणूस वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. दारूला शिवला नाही, पगार घरी आणून दिला, आवाज कधी चढवला नाही. फक्त दुसऱ्याने केलेलं काम त्याला तसंच ठेवता येत नसे. वहिनींनी कपड्यांच्या घड्या घालून कपाट लावलं की तो संध्याकाळी कपाट उघडायचा, सगळं पलंगावर काढायचा आणि पुन्हा घड्या घालायचा. रागाने नाही, शिव्याशाप नाहीत, अगदी शांतपणे. लहानपणी मुलीने हौसेने वह्यांना कव्हरं घातली, ती त्याने एकेक करून सोडवली आणि नव्याने घातली. मुलगी शेजारी बसून बघत होती. ती पुढे लग्न करून दूरच्या शहरात गेली, आणि तिच्या घरात एकही तसबीर सरळ टांगलेली नाही असं बघून आलेले लोक सांगतात.

वहिनी तेवढ्या शहाण्या होत्या. लग्नानंतरची काही वर्षं त्या रडल्या, मग त्यांनी युक्ती काढली. टेबलावर कापड घालायचं तर मुद्दाम थोडं तिरकं घालायचं. तो येणार, ते सरळ करणार, त्याचं समाधान होणार, आणि बाकीच्या घराला हात लागणार नाही. अशा वाकड्या ठेवलेल्या वस्तूंवर त्यांनी अख्खा संसार ओढला. नवऱ्याला काय लागतं ते ओळखून त्याच्या पुढ्यात टाकणं यालाच घरात शांतता म्हणत असतील तर त्यांच्या घरात शांतता होती.

निवृत्तीनंतर दोघं राहत होती ते घर उंच जोत्याचं होतं. पुढच्या दारातून रस्त्यावर उतरायला दगडी पायऱ्या, त्याही उभ्या चढाच्या, कठडा नाही. मागच्या बाजूला स्वयंपाकघराचं दार होतं आणि तिकडे जमीनच उंच असल्यामुळे उंबरा ओलांडला की पाय थेट मातीवर. मातीचा तो तुकडा फार मोठा नव्हता. कपडे वाळत घालायची तार, एक नळ, कोपऱ्यात गवताचे झुबके आणि शेजारणीची भिंत. पण सकाळी तिथे ऊन यायचं. वहिनी तिथे खुर्ची टाकून भाजी निवडत, शेजारणीशी भिंतीवरून बोलत. त्यांनी नवऱ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. एकच मागणी होती, तीही वर्षानुवर्षं तीच. मागे दोन फरश्या टाका, खुर्चीचे पाय रुततात.

"दोन फरश्या टाकून काही होत नाही," ओळंबा म्हणायचा. "टाकायची तर नीट टाकायची."

आणि नीट टाकायला त्याला निवृत्तीनंतरही सवड नव्हती. व्हायचं तेच झालं. एका सकाळी नळाजवळच्या ओल्या मातीत खुर्चीचा एक पाय खचला, खुर्ची कलली आणि वहिनी खुब्यावर पडल्या. हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली.

दवाखान्यात ओळंबा रोज यायचा, स्टुलावर ताठ बसायचा आणि घरी जायचा. घरी सोडायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "मागे सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवतो. मी स्वतः."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा आपल्यासाठी आपल्या हाताने काही करणार आहे, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही ते सांगितलं. ती बाई म्हणाली, नशीबवान आहात. वहिनींना तेव्हा ते पटलं होतं.

व्यायाम शिकवायला घरी एक बाई यायची. हसतमुख, पण बोलायला स्पष्ट. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काकू, घरातल्या घरात पलंग ते मोरी केलंत तर तेवढंच चालता येईल. मोकळ्यावर चालायला हवं. पुढच्या पायऱ्या तुमच्या कामाच्या नाहीत, दोन माणसं धरायला असल्याशिवाय तिकडे फिरकायचंही नाही. मागचं दार चांगलं आहे. रोज तिथे जा, काठी घ्या, फेऱ्या मारा. हे दोन-तीन महिनेच हातात आहेत. आत्ता चाललात तर चालाल, नाही तर खुबा आखडून बसेल आणि मग मीसुद्धा काही करू शकणार नाही."

"तिथे आता फरशी होतेय," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा तोराही होता.

"मग तर छानच."

ओळंब्याने खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या आणि खणायला सुरुवात केली. पेव्हर ब्लॉक बसवायचे तर वरची भुसभुशीत माती काढून टाकावी लागते. खाली घट्ट जमीन लागली की त्यावर खडीचा थर, तो ठोकून बसवायचा, त्यावर बारीक कच, मग वाळू आणि सगळ्यात शेवटी ब्लॉक. हे कुणीही सांगेल. वीतभर खणलं की बहुतेक लोक थांबतात. ओळंबा वीतभर खणून खाली वाकला, अंगठ्याने जमीन दाबली आणि मान हलवली. मऊ. आणखी खणलं. तिथे घर बांधणाऱ्याने कधीकाळी पुरलेला राडारोडा निघाला, विटांचे तुकडे, सिमेंटच्या कुजक्या गोण्या. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. ओळंब्याच्या अंगात मात्र हुरूप आला. त्याला चूक सापडली होती, आणि तीही दुसऱ्याची.

खड्डा गुडघ्याएवढा झाला. काय देखणा खड्डा होता म्हणून सांगावं! कडा सुरीने कापल्यासारख्या उभ्या, कोपरे काटकोनात, तळ झाडून घेतलेला. तो थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला भिडलेला होता. म्हणजे ज्या दारातून वहिनींनी रोज बाहेर जायचं, त्या दाराबाहेर आता जमीनच उरली नाही. आधी निदान मातीवर उभं राहता येत होतं, तेही गेलं.

"दारापुढे थोडी जागा ठेवायची ना," वहिनी दबकत म्हणाल्या. "मला सकाळी जरा उभं राहता आलं असतं."

"अर्धवट सोडलं तर जोड येतो. जोडाशी फरशी खचते."

"मग एखादी फळी टाका आडवी."

"फळीने कड ढासळेल. थोडे दिवस दम धर. तुझ्यासाठीच चाललंय."

तुझ्यासाठीच चाललंय, या वाक्यापुढे कुणाचं काय चालणार? शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "विहीर काढताय की काय?" ओळंब्याने वर बघितलंही नाही. वहिनी खिडकीतून हसल्या, नवऱ्याची बाजू घेऊन म्हणाल्या, "अहो, पाया पक्का हवा." त्या दिवशी त्या खरंच त्याच्या बाजूने होत्या.

या सगळ्या कामात वहिनींना एक भूमिका मिळाली. जमिनीची पातळी मोजायला ओळंबा पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरायचा. नळीचं एक टोक एका जागी धरायचं, दुसरं दुसऱ्या जागी, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर स्थिरावतं. त्याला दोन माणसं लागतात. वहिनींना खिडकीशी खुर्चीत बसवून एक टोक त्यांच्या हातात दिलं जाई. चौकटीवर पेन्सिलीची खूण होती, तिथे नळीतलं पाणी जुळवून धरायचं.

"वर घे. थोडं खाली. आता हलू नकोस."

वहिनी हलत नसत. हाताला मुंग्या येत, मोडलेल्या खुब्यातून कळ निघे, तरी त्या नळी धरून बसत. बाहेर तो एका खुंटीपाशी खूण करायचा, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या.

"तुझ्याकडचं पाणी हललं."

"नाही हो."

"हललं. पुन्हा पहिल्यापासून."

सकाळ अशी जायची. फेऱ्या मारायची वेळ तीच आणि ऊन यायची वेळही तीच. व्यायामाची बाई एकदा त्याच वेळी आली, तिने वहिनींच्या हातात नळी बघितली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "काका, ह्यांना बसवून ठेवायचं नाहीये," ती म्हणाली. ओळंब्याने उत्तर दिलं की फरशी झाल्यावर त्यांना चालण्याशिवाय दुसरं कामच राहणार नाही. या घरात शहाण्या माणसावर गप्प बसायची वेळ लवकर येत असे.

खडी आली. त्यात माती आहे म्हणून ओळंब्याने ती धुतली. धुतलेली खडी वाळवली, चाळली, पसरली. मग धुमस घेतलं. लाकडी दांड्याला खाली जड लोखंडी चौकोन लावलेलं, दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर आपटायचं. वहिनींचा धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा, त्याची सगळीकडे ओळख. तो म्हणाला, "भावोजी, ठोकायचं मशीन आणून देतो, एका दिवसात काम उरकेल." ओळंबा म्हणाला, मशीनला काय कळतं कुठे पोकळ आहे ते. आणि धप्प, धप्प सुरू झालं. रोज सकाळपासून दुपारपर्यंत. थोडी खडी टाकायची, ठोकायची, पट्टी लावून बघायची, एका कोपऱ्यात दाणाभर खाली वाटली की तिथली काढून पुन्हा टाकायची. महिना उलटून गेला. घरातली भांडी त्या आवाजाने कपाटात हलायची. वहिनी पलंगावर पडून ते ऐकायच्या आणि मनात म्हणायच्या, आता वाळू, मग ब्लॉक, मग मी. मला एवढं पुरे. बाकी काही नको.

एका दुपारी ओळंबा वाळू बदलून आणायला गेला, आलेल्या वाळूत गोटे निघाले होते. तो गेला आणि धाकटा आला. बहीण पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"ताई, बाहेर नाही गेलीस आज?"

"कुठून जाऊ?"

धाकट्याने मागचं दार उघडलं, खड्ड्यात बघितलं, मग बहिणीकडे बघितलं. तो काही फार विचार करणाऱ्यातला नव्हता. हातात येईल ते काम करायचं, जमलं तर जमलं. त्याने बाही वर सारली. होती ती वाळू, गोट्यांसकट, दारासमोर ओतली. चांगली उंबऱ्याच्या बरोबरीला येईल एवढी ओतली, पायाने दाबली, फळीने सपाट केली आणि भिंतीशी रचून ठेवलेले पेव्हर ब्लॉक आणून त्यावर भराभर मांडले. ओळ कुठे सरळ, कुठे नागमोडी. दोन खुर्च्या आणि चार पावलं चालायला होईल एवढी जागा झाली. मग त्याने बहिणीला हात दिला.

उंबरा ओलांडताना वहिनींना पाय उचलावाही लागला नाही, नुसता पुढे सरकवला. त्या बाहेर आल्या. कलतं ऊन भिंतीवरून खाली येत होतं. काठी टेकत त्या ब्लॉकच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या. शेजारीण भिंतीवर आली आणि तिने काहीतरी थट्टा केली, तिघंही हसली. मग वहिनी खुर्चीत बसल्या आणि धाकट्याने चहा करून आणला. चहा बेताचाच होता. त्या दुपारी वहिनींना इतकं बरं वाटलं की आपण अजून बऱ्या होऊ, हे त्यांच्या मनाने पक्कं धरलं.

ओळंबा आला तेव्हा त्या तिथेच बसल्या होत्या. त्याने गोणी खाली ठेवली, खिशातून छोटी पाणसळ काढली आणि ब्लॉकवर ठेवून खाली वाकला. काचेतला बुडबुडा एका बाजूला जाऊन चिकटला.

"उतार घराकडे आहे," तो म्हणाला. "पाणी आत येईल."

खरं सांगायचं तर तो बरोबर होता. उतार घराकडेच होता. पाणी साचलं असतं तर उंबऱ्यावरून थेट स्वयंपाकघरात आलं असतं. त्याचं नेहमी बरोबरच असायचं, तिथेच तर सगळी गोम होती. चुकणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

"आलं तर पुसू," धाकटा म्हणाला. "भावोजी, बघा तरी, ती चालली आज. अख्ख्या महिन्यात पहिल्यांदा चालली."

"तुझी भावना मला कळते. पण काम चुकीचं आहे." मग वहिनींकडे वळून तो म्हणाला, "उठतेस जरा?"

त्याने स्वतः हात दिला. अगदी जपून, तोल सांभाळत, त्याने बायकोला आत नेऊन खुर्चीत बसवलं, काठी हाताशी ठेवली. मग बाहेर जाऊन एकेक ब्लॉक उचलला, फडक्याने पुसला आणि होता तसा भिंतीशी रचला. वाळू उपसून गोणीत भरली. अंधार पडायच्या आत खड्डा पहिल्यासारखा स्वच्छ झाला. धाकटा खिडकीशी बहिणीजवळ उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

"तू काहीच कसं बोलत नाहीस, ताई?"

"काय बोलू? ते म्हणताहेत ते खरं आहे."

"खरं गेलं खड्ड्यात," धाकटा म्हणाला आणि टेम्पो घेऊन निघून गेला. तो बरेच दिवस आला नाही. त्या रात्री वहिनी जेवल्या नाहीत, आणि नवऱ्याने का जेवत नाहीस असं विचारल्यावर भूक नाही म्हणाल्या. खरं तर त्यांना त्याचा राग आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इतका स्वच्छ राग आला होता, आणि तो काढायचा कसा हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढचे महिने काय सांगायचे. तीच नळी, तेच धुमस. कचाचा थर झाला, उकरला, पुन्हा झाला. व्यायामाची बाई येत होती ती हळूहळू कमी यायला लागली. शेवटच्या वेळी तिने वहिनींचा पाय हातात घेऊन वर केला, तो थोडा वर गेला आणि अडला. बाईने पुन्हा करून बघितलं नाही. पाय हळूच खाली ठेवला, पांघरूण नीट केलं आणि म्हणाली, "आहे ते जपा आता." ती गेल्यावर वहिनींनी स्वतः पाय उचलून बघितला. पलंग ते मोरी, मोरी ते स्वयंपाकघराची खिडकी. एवढं राहिलं होतं.

आणि मग फरशी झाली. झाली ती अशी झाली की नाव ठेवायला जागा नाही, आणि नावं ठेवायची खुमखुमी असलेल्या माझ्यासारख्यानेच हे म्हणावं म्हणजे बघा. ओळी दोरीत, फटी सारख्या, फटींत बारीक वाळू झाडून भरलेली. बादलीभर पाणी ओतलं तर ते रेंगाळत नव्हतं की धावत नव्हतं, सावकाश भिंतीकडच्या जाळीपर्यंत जात होतं. शेजारीण भिंतीवरून बघून म्हणाली, "अगदी तयार विकत आणल्यासारखी वाटते हो." ओळंब्याला तो अपमान वाटला की कौतुक, ते कळलं नाही.

त्या दिवशी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. वहिनींची खुर्ची फरशीच्या मधोमध नेऊन ठेवली, पायांना रबराच्या टोप्या बसवून. मग आत येऊन बायकोपुढे हात धरला. "चल," तो म्हणाला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. वहिनींचं मन विरघळलं. इतकं झालं तरी विरघळलं, माणसाच्या मनाचं काही खरं नाही. त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि त्याचा दंड धरून त्या मागच्या दाराशी आल्या.

फरशी उंबऱ्यापेक्षा खाली होती. फार नाही, चांगली टीचभर. तशीच हवी असते. बाहेरची पातळी उंबऱ्याच्या खाली ठेवली तरच पाणी घरात येत नाही. धडधाकट माणसाला ते जाणवणारही नाही, बोलता बोलता उतरून जाईल. वहिनींनी बरा पाय उंबऱ्यावर रोवला आणि दुखरा पाय खाली सोडायला बघितला. तो गेला नाही. खुब्यापाशी अडला. त्यांनी उलट करून बघितलं, आधी बरा पाय, पण मग सगळा भार दुखऱ्यावर यायला लागला आणि त्या ओरडल्या. ओळंब्याने काखेत हात घालून उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा दोघंही कलंडता कलंडता वाचली. वहिनी चौकट घट्ट धरून उभ्या राहिल्या. कपाळावर घाम आला होता. त्याने उतार मोजला होता, ओळी मोजल्या होत्या, फटी मोजल्या होत्या. इतक्या महिन्यांत बायकोचा पाय किती खाली जातो, तेवढं बघायचं राहून गेलं.

"फळी टाका," वहिनी म्हणाल्या. "तिरकी फळी टाका, मी घसरत घसरत जाते."

"फळी? या फरशीवर?"

"खुर्ची तिथे आहे हो. चार पावलं आहेत."

"फळी डुगडुगते. पडशील पुन्हा." त्याने त्यांना आत बसवलं. मग खिशातून टेप काढला आणि उंबऱ्यापाशी गुडघ्यांवर बसला. उंबरा मोजला, फरशी मोजली, पुन्हा उंबरा. "पायरी करावी लागेल," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "रुंद पायरी, हळूहळू उतरणारी. पण नुसती वर ठेवून चालणार नाही, तिला पाया हवा. पुढच्या ओळी उचलाव्या लागतील. खालचं थोडं खणावं लागेल."

वहिनींनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं होतं तिथे दुःख दिसेल, निदान खंत. इतक्या महिन्यांची मेहनत उपयोगाची झाली नाही म्हणून कुणीही खचलं असतं. ओळंबा खचला नव्हता. त्याच्या डोळ्यांत, राडारोडा सापडला त्या दिवशी होता, तोच हुरूप होता. बोटाने हवेत तो पायरीचा आकार काढत होता. हा माणूस सुखात आहे, हे वहिनींना तेव्हा लख्ख दिसलं. फरशी पुरी झाली याचं सुख नव्हतं ते. अजून काम निघालं याचं होतं. आपण बाहेर जाऊन बसणं यात कुठेच नव्हतं, कधीच नव्हतं, आपण फक्त नळीचं टोक धरायला होतो.

त्याने चहा मागितला, तेवढा त्यांनी बसल्या जागेवरून करून दिला.

ओळी उचलून आणि खणून झाल्यावर एका सकाळी मागे धुमस सुरू झालं. वहिनींनी धाकट्याला फोन लावला. बऱ्याच दिवसांनी बोलत होत्या, तरी खुशाली विचारत बसल्या नाहीत.

"टेम्पो घेऊन ये. बरोबर एक दणकट माणूस आण. मला खुर्चीसकट उचलून पुढच्या पायऱ्यांवरून खाली न्यायचंय."

"दवाखान्यात?"

"तुझ्या घरी."

"ताई, आमच्याकडे दोनच खोल्या आहेत, तुला माहीत आहे."

"दारापुढे जागा आहे ना?"

"आहे. खडबडीत आहे पण. सिमेंट उखडलंय."

"असू दे. ये तू."

धाकटा आला, बरोबर टेम्पोवर हमाली करणारा एक जाडजूड माणूस. वहिनींनी पिशवीत औषधं आणि दोन जोड कपडे भरून ठेवले होते. पुढच्या दारातून त्यांना खुर्चीसकट उचललं, तेव्हा रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. त्या उभ्या पायऱ्यांची वहिनींना आधी इतकी भीती वाटायची. आता दोन माणसांच्या हातांवर खुर्ची हेलकावे खात खाली उतरत होती, आणि त्यांना भीतीपेक्षा लाज वाटत होती. शेजारीण धावत आली आणि काय झालं, काय झालं म्हणून विचारायला लागली. वहिनी तिला म्हणाल्या, जाऊन येते.

टेम्पोच्या मागच्या बाजूला गादी टाकली होती. हमालाने त्यांना नीट बसवलं. धाकटा घराकडे वळून बघत घुटमळला. आतून, स्वयंपाकघराच्या पलीकडून, आवाज येत होता. धप्प. धप्प. मध्ये थोडं थांबून पुन्हा.

"भावोजींना सांगून येऊ का?" तो म्हणाला. "चहाला आत येतील आणि घाबरतील."

वहिनींनी क्षणभर कान देऊन ऐकलं.

"नको," त्या म्हणाल्या. "खडीचा थर ठोकताहेत. आता मध्येच थांबवलंस तर एक बाजू कच्ची राहील, मग सगळं पुन्हा उकरत बसतील. चल तू."